बारावीनंतर मास्ट्रिख्टला एलएलबी केली तर सांगलीच्या कोर्टात उभं राहता येईल का?

वारणाकाठची

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली, सीबीएसईला बारावीत आहे. आमच्या बांधाचा दावा अकरा वर्षं चालू आहे. सातवीपासून मी तारखेला बाबांबरोबर जाते. वकीलसाहेब काय बोलले, साहेबांनी काय लिहून घेतलं हे घरी येऊन आजीला मीच सांगते. तेव्हापासून वकीलच व्हायचं हे ठरलेलं आहे.

पुण्यात एका एजंटनं बाबांना नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाची तीन वर्षांची इंग्रजीतली एलएलबी सुचवली. 'इथं पाच वर्षं घालवण्यापेक्षा तिकडं तीन वर्षं, आल्यावर थेट काळा कोट' असं तो म्हणाला. बाबा जमीन तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. मला त्याचीच भीती वाटते. खरंच परत येऊन वकिली करता येते का? आणि तिथं शिकवतात कसं? कुणी स्वतः शिकलेलं असेल तर कृपया सांगा.

गंगापूर रोड

स्पष्ट सांगतो. कायद्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दे, पुण्यात किंवा कोल्हापुरात पाच वर्षांचं बीए एलएलबी कर. परदेश बघायचाच असेल तर नंतर एक वर्षाची एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी आहे. माझ्या भाचीनं तसंच केलं. जमीन तारण ठेवू नकोस.

मास नदीकाठून

वारणाकाठची, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी कराडची. २०१८ ते २०२१ मास्ट्रिख्टला युरोपियन लॉ स्कूलची इंग्रजीतली एलएलबी केली, मग तिथंच एलएलएम. आता नेदरलँड्समध्येच एका कंपनीत डेटा संरक्षणाच्या कायद्याचं काम बघते.

तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. थेट काळा कोट मिळत नाही. मलाही एका एजंटनं हेच सांगितलं होतं आणि ते खरं नाही हे मला दुसऱ्या वर्षाला कळलं. त्या रात्री आईबाबांना फोन करायचा धीर झाला नव्हता. म्हणून तुला आजच सांगते. आणि फक्त भारताचंच नाही, या इंग्रजी पदवीवर नेदरलँड्समध्येसुद्धा वकील होता येत नाही. त्याला डच कायद्याचे ठरावीक विषय घेतलेली पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण लागतं, तेही डच भाषेत. भारतातलं नेमकं काय ते इथले वकील नीट सांगतील.

आता शिकवण्याबद्दल, कारण तिथं मला जे मिळालं ते फार मोलाचं आहे आणि तेही तुला कळायला हवं.

तिथं फळ्यावर लिहून देणारं कुणी नसतं. दहा-पंधरा जणांचा गट टेबलाभोवती बसतो. समोर एक प्रकरण असतं, अर्ध्या पानाचं. गटातलाच एक जण चर्चा चालवतो, एक जण फळ्यावर मुद्दे मांडतो, शिक्षक कडेला गप्प बसून ऐकतात. प्रश्न काय आहे हे आपणच शोधायचं, आपल्याला काय माहीत नाही ते आपणच लिहायचं, मग ग्रंथालयात जाऊन कलमं आणि निवाडे वाचायचे आणि पुढच्या बैठकीत उत्तर घेऊन यायचं. 'मला वाटतं' म्हटलं की समोरून लगेच प्रश्न येतो, कुठलं कलम? बाईंनी सांगायचं आणि आपण उतरवून घ्यायचं अशी माझी सवय. पहिले तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. शेवटी शिक्षिकेनं मला थांबवून विचारलं, तुझ्या वहीत सगळं आहे, मग ते टेबलावर का येत नाही?

टेबलावर आलं ते माझ्या सायकलमुळं. शहर सोडून चाललेल्या एका मुलीकडून मी जुनी सायकल साठ युरोला ठरवली. पैसे शुक्रवारी दिले, सायकल रविवारी न्यायची होती आणि शनिवारी रात्री ती तिच्या दारातून चोरीला गेली. मी गटात सहज सांगितलं. शिक्षिकेनं तोच आठवड्याचा प्रश्न केला: शनिवारी रात्री सायकल कुणाची होती?

दोन तास आम्ही त्यावर घालवले. फ्रान्सच्या कायद्यानं वस्तू आणि किंमत ठरली की मालकी गेली, म्हणजे शुक्रवारीच ती माझी. जर्मनीत विक्रीचा करार वेगळा आणि मालकी देण्याचा करार वेगळा, शिवाय वस्तू हातात द्यावी लागते, म्हणजे रविवारपर्यंत ती तिचीच. डच कायद्यालाही ताबा देणं लागतं, पण जर्मन कायद्याशी त्याचा एक मोठा फरक आहे. मूळ विक्रीचा करारच रद्द ठरला तर डच कायद्यात मालकी गेलीच नाही असं धरतात, जर्मनीत मात्र ती गेलेली असू शकते. इंग्लंडमध्ये दोघांच्या मनात काय होतं ते बघतात आणि वेगळं काही ठरलं नसेल तर ठरलेल्या तयार वस्तूची मालकी करार होतानाच जाते. मग मी हात वर केला आणि म्हणाले, आमच्याकडं १९३० चा माल विक्री कायदा आहे, तो इंग्रजांच्याच कायद्यावरून केलेला, त्यामुळे कराडमध्ये ही सायकल माझी असती. गटात मी पहिल्यांदा बोलले ती ही वेळ. (त्या मुलीनं पैसे परत दिले. डच कायद्याकडे बघता ते बरोबरच होतं.)

एकाच सायकलीला चार देशांची वेगवेगळी उत्तरं आणि प्रत्येकाला आपापलं कारण, हे ज्या दिवशी कळलं तेव्हापासून मी कुठलाही कायदा 'असंच असतं' म्हणून वाचलेला नाही.

युरोपीय कायदा वाचताना तर शहरच समोर असतं. युरोपीय संघ ज्यातून उभा राहिला तो मास्ट्रिख्टचा तह ७ फेब्रुवारी १९९२ ला याच गावात झाला. बेल्जियम जवळ, जर्मनीतलं आखेन बसनं तासाभरावर. सीमेपलीकडून गांजा घ्यायला येणाऱ्यांची इतकी गर्दी व्हायला लागली की नगरपालिकेनं कॉफीशॉपमध्ये (तिथं गांजा विकणाऱ्या दुकानांना असंच म्हणतात) बाहेरच्यांना बंदी केली. तो वाद लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला आणि २०१० मध्ये न्यायालयानं बंदी उचलून धरली. आम्ही तो निवाडा वाचत होतो तेव्हा ती दुकानं आमच्या वर्गापासून चालत जाण्याइतकी जवळ होती.

आणखी एक सांगते, कारण ते आपल्या माणसांचं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, पाकिस्ताननं फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणाची सुनावणी होती. १८ तारखेला भारताचे वकील हरीश साळवे बोलायला उभे राहिले. आमच्या घराच्या स्वयंपाकघरात मी लॅपटॉपवर ते लावलं. एक पोलिश मुलगी आणि एक जर्मन मुलगा, दोघंही चहाचे कप घेऊन शेवटपर्यंत बसले. व्हिएन्ना करारातलं ३६ वं कलम, म्हणजे अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी बोलू देण्याचा हक्क, ते आम्ही तिघांनी ओळ न ओळ काढून वाचलं. १७ जुलैला निकाल लागला तेव्हा मी सुट्टीला कराडला होते. आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा. पंधरा न्यायाधीश विरुद्ध एक. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. बाबांनी विचारलं, 'सुटला ना?' मला सांगावं लागलं, नाही बाबा. पाकिस्ताननं ३६ वं कलम मोडलं असं न्यायालय म्हणालंय, शिक्षेचा प्रभावी फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा असं म्हणालंय. सोडा असं म्हणालेलं नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. निकालात काय आहे आणि काय नाही हे घरच्यांना नीट सांगता आलं, तर तीन वर्षांची फी सार्थकी लागली असं मला त्या दिवशी वाटलं. तू आजीला तारखेचं सांगतेस ना, तसंच हे.

पैशाचं मात्र कडक बोलते. युरोपीय मुलांना वर्षाला अडीच हजार युरोंच्या थोडी वर फी, आपल्याला त्याच्या कितीतरी पट. काम करून फी भरेन हे डोक्यातून काढ. आपल्या मुलांना आठवड्याला सोळाच तास काम करता येतं (किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ) आणि त्यालाही मालकानं परवाना काढावा लागतो. पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट (विषय पास केल्यावर मिळणारे एकक) मिळाले नाहीत तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. वर्षाच्या साठपैकी निम्मे क्रेडिट तरी मिळवले नाहीत तर राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. गुण दहापैकी, साडेपाचला पास. नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या मला पहिल्या पेपरात साडेसहा पडले. मला ते अपयश वाटलं, पण तिथं तो बरा निकाल होता. खोली शोधायला प्रवेश मिळाल्या दिवसापासून लाग, ऑगस्टमध्ये काहीही मिळत नाही.

मी आज जे काम करते त्याला ही पदवी अगदी चपखल बसते. पण मला कोर्टात उभं राहायचंच नव्हतं. तुला राहायचंय.

कोर्टनाका

बाळा, मी जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं वकिली करतो. मास नदीकाठच्या ताईंनी बरोबर सांगितलं, भारतातलं तेवढं मी सांगतो.

अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या २४ व्या कलमानुसार भारतीय नागरिकाची परदेशी पदवी चालते, पण ती बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं मान्य केलेली असली पाहिजे. मेख पुढं आहे. आपल्याकडं बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, नाहीतर आधी पदवी आणि मग तीन वर्षं. बारावीनंतर नुसती तीन वर्षं या साच्यात बसत नाहीत, म्हणून ब्रिज कोर्सचा, म्हणजे कमी पडलेलं शिक्षण भरून काढणाऱ्या जोड अभ्यासक्रमाचा फेरा येतो. परदेशी पदवीवाल्यांसाठी पात्रता परीक्षाही असते: घटना, करार, कंपनी कायदा, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी प्रक्रिया आणि वकिलीची आचारसंहिता. त्यानंतर सनद (वकिलीचा परवाना), आणि सगळ्यांना असते ती ऑल इंडिया बार परीक्षा. म्हणजे एजंटानं वाचवलेली दोन वर्षं इथं परत द्यावी लागतात. प्रवेश घेण्याआधी बार कौन्सिलकडून त्या विद्यापीठाबद्दल लेखी उत्तर मागव. तोंडी शब्दावर जमीन तारण ठेवू नका.

दुसरं असं की बांधाच्या दाव्याला सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, कोर्ट कमिशनरचा अहवाल वाचता यावा लागतो. ते इथंच, एखाद्या चांगल्या सीनियरच्या हाताखाली येतं. सुट्टीत माझ्यासारख्या कुणाकडं फायली लावायला ये.

वारणाकाठची

ताई, काका, तुमची उत्तरं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. सायकलीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, विचार त्यांना, बैलबाजारात इसार दिला, बैल उद्या न्यायचा ठरला आणि रात्री बैल मेला, तर गेला कुणाचा?

ताई, अजून एक. समजा मला कोर्टात उभं राहायचं नसतं, तर तुम्ही मला जा म्हणाला असता का?

मास नदीकाठून

हो, म्हणाले असते. पण जमीन तारण ठेवून नाही. शिष्यवृत्तीचं पत्र हातात आल्यावर.

कोर्टनाका

बाबांना सांग, प्रश्न पक्का वकिलाचा आहे. १९३० च्या कायद्याचं २० वं कलम. हाच बैल, असा ठरलेला असेल आणि सौदा पुरा झालेला असेल, तर पैसे आणि ताबा नंतर द्यायचे असले तरी मालकी सौद्याबरोबरच घेणाऱ्याकडं जाते आणि सहसा नुकसानही मालकाचंच. पण 'बाकी पैसे दिल्यावरच बैल तुझा' असं बोलणं झालं असेल तर उत्तर फिरतं. म्हणून मी पक्षकाराला आधी हेच विचारतो, इसार देताना तोंडानं काय काय बोललात?

वारणाकाठची

बाबा म्हणतात, साक्षीला दलाल होता.

सीईटीचा अर्ज सुटला की भरते. काका, दिवाळीच्या सुट्टीत फायली लावायला येऊ का?