इफ्फीसाठी पणजी बरी की पर्वरी?

प्रश्न

यंदा नोव्हेंबरात वडिलांसोबत इफ्फीला, म्हणजे गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जाण्याचा विचार आहे. पुण्यातील पिफ या चित्रपट महोत्सवाला आम्ही नियमित जातो. परंतु गोव्यात चित्रपट पणजी, पर्वरी, फोंडा अशा विखुरलेल्या ठिकाणी दाखवले जातात. वडिलांना फार चालवत नाही आणि रांगेत ताटकळणेही झेपत नाही. मुक्काम कोठे करावा आणि कोणत्या चित्रपटगृहांवर भर द्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मुक्काम पणजीतच, शक्यतो कांपाल किंवा सांतिनेज भागात करावा. महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आणि त्याचे केंद्र आजही मांडवीकाठचे जुने गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) संकुल हेच आहे. तेथील आयनॉक्स चित्रपटगृहाचे चार पडदे आणि शेजारचा मॅकेनिझ पॅलेस हे इतके लगत आहेत की एक चित्रपट संपल्यावर दुसऱ्याच्या दाराशी पोहोचायला आपल्या वडिलांनाही काही मिनिटेच लागतील. अर्थात ही सोय सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे येथील जागा सर्वांत आधी संपतात. मॅकेनिझचे सभागृह लहान आहे, त्यामुळे तेथील आरक्षण आधी करावे आणि आयनॉक्सचे नंतर.

चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी नदीकाठाने थोडी पुढे आहे. २०२४ मध्ये मास्टरक्लास तेथे झाले होते; दिग्दर्शकांना ऐकण्यात वडिलांना रस असेल, तर एखादी दुपार तिच्यासाठी राखून ठेवावी.

फोंडा आणि मडगाव पणजीहून तिसेक किलोमीटरवर आहेत. तेथे मुक्काम नसेल, तर त्यांचा विचारही करू नये.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी बहुतांशी सहमत असलो, तरी पर्वरीला अगदीच वगळू नये, असे वाटते. तेथील आयनॉक्स मॉलमध्ये असल्याने लिफ्ट, स्वच्छतागृह, जेवण आणि बसायला जागा हे सारे एका छपराखाली मिळते, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ही बाब पडद्याच्या आकारापेक्षा मोठी आहे. मात्र एकाच दिवशी पणजी आणि पर्वरी यांची सांगड घालू नये. चित्रपटानंतरची प्रश्नोत्तरे लांबतात, त्यात महामार्गावरची कोंडी भर घालते, आणि वेळापत्रकात दिसणारा तासाभराचा अवकाश मांडवीवरच्या पुलावरच संपतो. पर्वरीसाठी स्वतंत्र दिवस ठेवून तेथेच लागोपाठ दोन-तीन चित्रपट पाहावेत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आरक्षण न मिळाल्यास रश लाईनमध्ये (उरलेल्या जागांसाठी आरक्षणाविना लागणाऱ्या रांगेत) उभे राहण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १

आपण उभे राहावे, वडिलांना उभे करू नये. गाजलेल्या चित्रपटाला ती रांग बहुधा निष्फळ ठरते. सकाळच्या पहिल्या खेळाला मात्र आरक्षण करूनही न येणारे पुष्कळ असतात. रात्री उशिरापर्यंत जागलेल्या प्रतिनिधींची (महोत्सवासाठी नोंदणी केलेल्या प्रेक्षकांची) झोप आपल्या पथ्यावर पडते.