सातेरीची पेटी रिकामी झाली, दुसरी कशी वाचवू?

देवरुखची_बाग
नमस्कार मंडळी. गेल्या नोव्हेंबरात सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून काजूच्या बागेत ठेवल्या. मे महिन्यात दोन्हींचा मिळून सहा किलो मध निघाला. वरच्या मजल्यात थोडाच होता, म्हणून खालच्या चौकटींच्या कडेचाही घेतला. परवा पावसाने उघडीप दिली म्हणून बघायला गेलो, तर एका पेटीत सामसूम. एकही माशी नाही. पोळ्यांवर पांढरी जाळी आणि आत वळवळणाऱ्या अळ्या. या अळ्यांनीच माश्या मारल्या का?

रानवाट७
मेणकिडा आहे. पुढच्या वेळी राणीचा पंख कापून ठेवा, माश्या जाणार नाहीत.

जावळीची_काकी
पंख कापू नका हो. भुकेलं मोहोळ उठायचं तेव्हा उठतंच, आणि ती बिचारी राणी पेटीसमोर गवतात पडून मुंग्यांच्या तोंडी जाते.

दादा, मेणकिड्याने माश्या मारल्या नाहीत. त्याची अळी पोळं खाते. पेटी माश्यांनी भरलेली असेल तर त्या अळीला ओढून बाहेर टाकतात. माश्या कमी झाल्या, पोळी उघडी पडली, की किडा माजतो.

रिकाम्या पोळ्याची घरं नीट बघा. झाकलेल्या घरांत मेलेली पिल्लं असतील तर रोगाचा संशय. सगळी घरं रिकामी आणि मधाचा थेंबही नसेल, तर माश्या ठरवून गेल्या. सातेरी अशीच जाते. राणी अंडी घालणं थांबवते, असलेली पिल्लं बाहेर पडतात, उरलेला मध पोटात भरून सगळ्याच निघतात. वसाहत फुटते, म्हणजे काही माश्या वेगळा संसार थाटायला जातात, तेव्हा बाकीच्या मागे राहतात आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची लांबट घरं लोंबताना दिसतात.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. खालच्या मजल्यातला मध म्हणजे त्यांची आगोटीची बेगमी. पावसात फुलोरा नसतो, असला तरी आठ-आठ दिवस बाहेर पडता येत नाही. मी तीस वर्षं पेट्या सांभाळते, खालच्या मधाला कधी हात लावला नाही. मध कमी निघाला तर कमी निघाला.

दुसऱ्या पेटीला आजच साखरेचं पाणी द्या. साखर आणि पाणी समसमान, तेही संध्याकाळी. दिवसा दिलंत तर दुसरीकडच्या माश्या लुटायला येतात. माश्या नसलेली पोळी काढून घ्या. तळफळीवरचा मेणाचा भुगा दर आठवड्याला झाडा, किड्याची अळी तिथेच वाढते.

देवरुखची_बाग
काकी, बघितलं. घरं कोरडी ठणठणीत, मेलेलं पिल्लू एकही नाही. म्हणजे मीच उपाशी ठेवलं त्यांना. फार वाईट वाटलं.
दुसऱ्या पेटीत चार चौकटींवर माश्या आहेत. राणी दिसली नाही. पण बॅटरीच्या उजेडात मधल्या पोळ्यात घराच्या तळाशी बारीक पांढऱ्या काड्या उभ्या दिसल्या, एका घरात एकच. ही अंडी का? साखरपाणी काल दिलं, सकाळी वाटी कोरडी.

जावळीची_काकी
अंडीच ती! उभं अंडं ताजं असतं, तिसऱ्या दिवसापर्यंत ते आडवं होतं. म्हणजे राणी आहे आणि कालपरवापर्यंत अंडी घालत होती. आता पेटी सारखी उघडू नका. आज परत वाटी भरा, आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत ना, तेवढं बघा. साखरेच्या वासाने मुंग्या येतील.