यवेट विकर्स: फक्त शेवटाची बातमी नव्हे

हॉलीवूडची नटी यवेट विकर्स हिच्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं की ती म्हणजे फक्त घरात मृत सापडलेली नटी, बाकी सांगण्यासारखं काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. १९५० च्या 'सनसेट बुलेवार्ड' सिनेमात पार्टीत फोन अडवून खिदळत बसणारी पोरगी हीच, श्रेयनामावलीत नावही दिलेलं नाही, पण सीन लक्षात राहतो. मग १९५८ ला 'अटॅक ऑफ द ५० फूट वुमन', त्यात ती हनी, दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला घेऊन बारमध्ये नाचणारी, आणि खरं सांगते, सिनेमातली पन्नास फुटी बाई अ‍ॅलिसन हेज असली तरी माझी नजर हनीवरच राहते, इतकी ती बिनधास्त आणि जिवंत आहे. पुढच्या वर्षी 'अटॅक ऑफ द जायंट लीचेस'. त्यातल्या महाकाय जळवा बघून हसू येतं, पण म्हाताऱ्या होत चाललेल्या दुकानदाराच्या घरात कोंडलेली ती बायको तिने मनापासून केलीय. त्याच १९५९ च्या जुलैत प्लेबॉय मासिकात प्लेमेट, म्हणजे त्या महिन्याची मॉडेल, फोटो सिनेदिग्दर्शक रस मायरचे.

आणि तिथेच गाडी अडकली. 'हड' सिनेमात नट पॉल न्यूमनसोबत चिमुकलं काम, बाकी बहुतेक टीव्हीवरच्या छोट्या भूमिका. वडील जॅझवाले, ती स्वतःही गायची, पण स्टुडिओवाल्यांना तिच्यात फक्त 'वाईट बाई' दिसली याचं मला फार वाईट वाटतं. २०११ ला शेजारणीला पत्रपेटीत पिवळी पडलेली पत्रं दिसली म्हणून ती गेल्याचं कळलं, तेही कित्येक महिन्यांनी. ते वाचून रडू आलं होतं. पण आधी हनीचा नाच बघा ना.