निवारा केंद्राला सोसायट्यांचा विरोध, लोकांना आणि पुढाऱ्यांना कसं वळवायचं?

चहाबिस्कुट:
मंडळी सल्ला हवाय. आमच्याकडे मुंबईत उपनगरात पालिकेची एक बंद शाळा आहे, तिच्या तळमजल्यावर बेघरांसाठी निवारा काढणार असं कळलं मात्र, लगेच आजूबाजूच्या सोसायट्यांनी सह्या गोळा करायला घेतल्या. ग्रुपवर काय चाललंय विचारू नका, गर्दुल्ले येणार, चोऱ्या वाढणार, फ्लॅटचे भाव पडणार. आता गंमत अशी की हे लोक आजही तिथेच आहेत, शाळेच्या भिंतीला ताडपत्री बांधून, आणि त्यातल्या दोघीजणी आमच्याच बिल्डिंगचा सुका कचरा वेचतात. आम्ही मोजके लोक निवाऱ्याच्या बाजूने आहोत. पण नगरसेवक सह्यांच्या बाजूने, मतं तिकडे ना. भावनिक पोस्टी टाकून झाल्या, अंगठे येतात नि पुढे ढिम्म. काय करावं?

अर्जदार:
आधी कागद हातात घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, चोवीस तास आणि वर्षभर चालणारा, फक्त थंडीपुरता नाही. २०१३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातही लाखाचाच हिशोब होता, शिवाय माणशी किमान ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे झाले. तुमच्या वॉर्डात किती, त्यात अख्ख्या कुटुंबाला राहता येईल असे किती, एवढंच माहिती अधिकारात विचारा. कायदा दाखवून शेजारी वळत नाहीत हे मान्य, पण साहेबांची फाईल हलते.

बाल्कनीतून:
मी अशाच एका पत्रावर सही केलेला माणूस आहे, शिव्या घाला हवं तर. आमच्या जवळ निवारा होता. चालवणाऱ्या संस्थेला पैसे वेळेवर मिळेनात, मग केअरटेकर गेला, संडास तुंबले, कुलूप लागलं, आणि लोक पायरीवर झोपायला लागले. तक्रार कोणाकडे करायची तेच कोणाला माहीत नाही. लोकांना माणुसकी शिकवायला जाऊ नका हो, त्याने माणसं अजून चिडतात. निवारा कोण चालवणार, रात्री फोन कोण उचलणार, पाणी किती वाजता येणार, हे लिहून आणा. मी तरी मग सही मागे घेईन.

पुलाखालची_शाळा:
बाल्कनी दादांचं पटलं. पण चहाबिस्कुट, तुमचं खरं दुखणं 'मतं तिकडे' हे आहे, आणि त्याला इलाज आहे. फूटपाथवर राहणाऱ्याचंही नाव मतदार यादीत लागतं. फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का, पत्त्याचा पुरावा लागत नाही. आता बीएलओ आठ-साडेआठला येतो तेव्हा बाया सिग्नलला गजरे विकत असतात, पुरुष केटररकडे भांडी घासायला, मग 'आढळून आले नाही' असा शेरा पडतो. त्याला अकरानंतर आणा, सोबत उभे राहा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवतात, पण अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पिशवी, भांडी सगळं जातं, म्हणून झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. एकदा यादीत तिथली नावं दिसू द्या, मग उमेदवार ताडपत्रीखाली वाकून नमस्कार करतो, बघितलंय मी.

आणि हे काही नवीन नाही. १९८१ ला मुख्यमंत्री अंतुलेंनी फूटपाथवाल्यांना शहराबाहेर घालवायचं ठरवलं, प्रकरण कोर्टात गेलं, १९८५ ला ऑल्गा टेलिस निकालात पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असं कोर्ट म्हणालं, तरी झोपडं हटवायची परवानगी दिलीच. त्याच वर्षी स्पार्क संस्थेने फूटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली आणि पुढे भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बाया महिला मिलन नावाची संघटना करून एकत्र आल्या. आम्ही किती, कुठून आलो, काय कमावतो, हे आकडे घेऊन त्या सरकारी ऑफिसात जाऊन बसायच्या. १९९५ च्या पुनर्वसन योजनेत फूटपाथवाले धरले गेले, पुढे मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. वर्षं किती गेली बघा.

तिरकस:
सगळं छान, पण भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा आपल्याकडे अजून चालू आहे, दिल्लीत हायकोर्टाने २०१८ ला त्यातली बरीच कलमं उडवली. एका हाताने निवारा आणि दुसऱ्या हाताने उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात, असं कसं चालेल? आणि निवारा म्हणजे घर नव्हे. फिनलंडमध्ये हेलसिंकीत साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा मोठा निवारा होता, तो मोडून ८१ फ्लॅट केले, भाडेकरार राहणाऱ्याच्या नावावर.

पुलाखालची_शाळा:
तिरकस भाऊ, हेलसिंकी होईल तेव्हा होईल, पावसाळा जूनमध्ये आहे.

चहाबिस्कुट:
थँक्स सगळ्यांना. बीएलओ मॅडम आमच्याच शेजारच्या शाळेत शिक्षिका आहेत, रात्री यायला तयार होतील का ते विचारतो. आणि बाल्कनी साहेब, विरोधाचं पत्र गेलेलं आहेच, त्यालाच जोडून संडास, केअरटेकर, फोन नंबर अशा अटींचं दुसरं पत्र दिलं तर तुमच्यासारखे लोक सही करतील का?

बाल्कनीतून:
मसुदा टाका इथे. पाण्याचं पहिल्या नंबरला लिहा.