प्रति: पोकराबद्दलचं म्हणणं जागतिक बँकेपर्यंत कसं न्यायचं?
पोकरा म्हणजे जागतिक बँकेच्या कर्जावर चालणारा राज्याचा कृषी संजीवनी प्रकल्प. वर विचारलंय, त्याबद्दल मराठवाड्यातल्या गावाचं बँक ऐकेल का? सरदार सरोवराच्या वादानंतर 1993 मध्ये बँकेनं तपासणी पॅनल नेमलं. ते सरकारला नव्हे, बँकेलाच जाब विचारतं: स्वतःचे नियम पाळले का? प्रकल्पक्षेत्रातली कुणीही किमान दोन माणसं अर्ज करू शकतात, मराठीतसुद्धा. मागणी केली तर नावं गुप्त राहतात. घोडं अडतं ते आधीच्या पायरीवर. प्रश्न अगोदर बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडलेला लागतो. कृषी सहायकाला तोंडी सांगून भागत नाही. बँकेला पाठवलेल्या ईमेलची प्रत तारखेसह जपा. नुकसान नेमकं लिहा: गट नंबर, किती एकर, कोणत्या बंधाऱ्यानं कुणाचं पाणी तुटलं. निविदेच्या तक्रारी पॅनल घेतच नाही. आणि अर्जाची मुदत प्रकल्पाचं कर्ज कधी बंद होतं यावर ठरते, तेव्हा ती तारीख आधी काढा.