रविवारचा विश्वास सोमवारी कुठे गळतो? ठोस उपाय हवेत

मोहरीचा_दाणा

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. तरुणांच्या बायबल अभ्यासगटासाठी रोमकरांस १२:२ वर चार आठवड्यांचा अभ्यास बसवायचा आहे. "या युगाबरोबर समरूप होऊ नका" हे वचन बहुतेकांना पाठ असतं. पण शिकवण नेहमी "जगापासून दूर राहा, प्रार्थना करा, वचन वाचा" इथेच येऊन थांबते. सोमवारी कामावर गेलेल्या मुलामुलीच्या हातात त्यातलं काहीच राहत नाही.

तीन ठिकाणी अडतं. फोन. कामावरचं बारीकसारीक खोटं, म्हणजे आकडे फिरवणं, न झालेलं काम झालं म्हणून लिहिणं, "साहेब नाहीत" असं सांगणं. आणि मित्रमंडळींची बैठक, जिथे बसावं की उठावं हेच कळत नाही. प्रार्थना तर करायचीच आहे, त्यापुढचं सांगा: नेमकं काय करायचं, किती वेळ, आणि कुठे फसतं.

जुनी_वेल

सुरुवात "जग" या शब्दापासूनच करा, कारण निम्मा घोळ तिथे आहे. देवाने जगावर एवढी प्रीती केली (योहान ३:१६) आणि जगावर प्रीती करू नका (१ योहान २:१५), दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द एकच आहे, कॉसमॉस. पहिल्या ठिकाणी माणसं अभिप्रेत आहेत. दुसऱ्या ठिकाणी देवाला वगळून चालणारी रीत, आणि ती कशाची बनलेली असते हे योहान लगेच पुढच्या वचनात सांगतो: देहाची वासना, डोळ्यांची वासना, संसाराविषयीची फुशारकी. रोमकरांसच्या पत्रात तर शब्दच वेगळा आहे, आयोन, म्हणजे युग, आणि मराठीत तो बरोबर उतरलाय. हा फरक समजला नाही की मुलं माणसांना टाळायला लागतात आणि फुशारकी मात्र स्वतःबरोबर मंडळीत घेऊन येतात. करिंथच्या मंडळीचाही असाच गैरसमज झाला होता. प्रेषित पौलाला त्यांना पुन्हा लिहावं लागलं की जगातल्या लोभी, मूर्तिपूजक लोकांशी संबंधच नको असं मी म्हटलं नव्हतं, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल (१ करिंथ ५:९-१०).

दुसऱ्या आठवड्याला दानीएलाचा पहिला अध्याय घ्या, आणि पूर्ण वाचा. आपण आठव्या वचनावर उडी मारतो आणि त्याआधीचं सोडून देतो. बाबेलला बंदी म्हणून नेलेल्या दानीएल आणि त्याच्या तीन साथीदारांनी खास्द्यांची (तिथल्या लोकांची) भाषा आणि विद्या शिकली, तीन वर्षांचं शिक्षण घेतलं, परकी नावं लावून घेतली, पुढे राजाची चाकरीही केली. अडले ते फक्त राजाच्या अन्नावर आणि द्राक्षारसावर. तो निश्चयही ताट समोर येण्याआधी झालेला होता. नंतरची पद्धत तर मुलांना फळ्यावर लिहून दाखवावी अशी आहे. आधी मुख्य अधिकाऱ्याला विनंती. तो म्हणाला, मला राजाची भीती वाटते, तर त्याच्याशी वाद घातला नाही. मग देखरेख करणाऱ्या कारभाऱ्यापुढे पर्याय ठेवला, शाकभाजी आणि पाणी, मुदत दहा दिवस, नंतर आमची तोंडं पाहून तुम्हीच ठरवा. आपल्या निष्ठेची किंमत समोरच्याच्या मानेवर पडू नये याची काळजी त्यात आहे.

यावरून सराव करून घ्या. एका कागदावर दोन रकाने. डावीकडे, कामावर किंवा कॉलेजात मी काय काय मोकळेपणाने स्वीकारतो. उजवीकडे, काय करणार नाही. उजव्या रकान्यात तीनपेक्षा जास्त ओळी नकोत, आणि प्रत्येक ओळीत जागा आणि कृती आली पाहिजे. "जगिकपणा टाळीन" ही ओळ खोडायला लावा. "प्रवासखर्चाच्या बिलात खरी रक्कमच लिहीन" ही चालेल.

दुसरा_मैल

कामावरच्या खोट्याबद्दल सांगतो. तिथल्या तिथे खरं उत्तर शोधायला गेलं की जीभ सवयीच्या वाटेनेच जाते. वाक्य आधी तयार करून दोनचार वेळा मोठ्याने म्हणून ठेवावं लागतं. "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप घेऊ का?" हे खरं आहे आणि साहेबांचंही काम होतं. आकड्यांसाठी: "हा आकडा मला भरता येणार नाही. खरा आकडा द्या, तक्ता संध्याकाळपर्यंत पूर्ण करून देतो." नकार आणि मदत एकाच दमात. हे एकट्यात सांगायचं, चारचौघांत नाही, आणि त्यात वचन घालायचं नाही. वचन घातलं की वरिष्ठाला वाटतं आपल्याला पापी ठरवलं, मग आकडा बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतो.

तरीही आग्रह झाला तर दोन ओळींचा ईमेल: "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक नोंद बदलायची आहे का, कृपया कळवावे." पुष्कळदा विषय तिथेच मिटतो, कारण अशी सूचना लेखी द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. तोंडी ऐकून आपण आकडा बदलला तर सही आपली राहते.

पण हा नकार टिकायला दोन गोष्टी आधीपासून हव्यात. एक, कामाची प्रत. दानीएलाच्या कारभारात दोष शोधणाऱ्यांना काहीच सापडलं नाही (दानीएल ६:४). रोज उशिरा येणारा माणूस तत्त्वावर अडला तर लोकांना ती कामचुकारीच वाटते. दुसरी गोष्ट पैसा, आणि ती अभ्यासात कुणी घेत नाही. ऋणको धनकोचा दास होतो (नीतिसूत्रे २२:७) हे अक्षरशः खरं आहे. पगारातला मोठा भाग हप्त्यांत जात असेल तर नोकरी जाण्याच्या भीतीने माणूस कशावरही सही करतो, आणि तिथे त्याची प्रार्थना कमी पडली असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यामुळे नवे हप्ते बंद, तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हळूहळू बाजूला, आणि दान पगाराच्याच दिवशी वेगळं काढणं. महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हटलं की उरत नाही.

तेलाची_समई

फोनच्या बाबतीत नुसतं काढून टाकल्याने काही होत नाही. मत्तय १२:४३-४५ मधलं घर झाडलेलं होतं, सजवलेलंही होतं, पण रिकामं होतं, म्हणून बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परत आला. उत्साहाच्या भरात अ‍ॅप काढलं जातं आणि चारपाच दिवसांत परत येतं, कारण तो वेळ कशाने भरायचा ते ठरलेलंच नसतं.

क्रम असा ठेवा. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ. हे घड्याळ क्षुल्लक वाटतं, पण ते नसेल तर गजराच्या निमित्ताने फोन उशाशी येतोच. सकाळची पहिली वीस मिनिटं छापील बायबल. फोनवरचं बायबल वाईट नाही, पण वाचता वाचता वरून संदेश डोकावतो आणि नजर गेलेली असते.

वाचनाचा बेत झेपेल एवढाच हवा. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक वाचला तर ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो, आणि राहिलेल्यासाठी आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता प्रसिद्ध आहे: रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. फार सुंदर आहे, पण नवख्याला देऊ नका. एक आठवडा बुडला की २८ अध्यायांची थकबाकी होते आणि लाजेने वाचनच सुटतं. कुठलाही तक्ता असो, थकबाकी सोडून द्यायची आणि आजच्या तारखेचं वाचायचं.

पाठांतर मोहाप्रमाणे निवडा. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा प्रभूने तिन्ही वेळा अनुवाद या पुस्तकातलं वचन वापरलं (८:३, ६:१६, ६:१३), पण प्रत्येक वेळी त्या मोहाला लागू पडणारं. तसं रागासाठी याकोब १:१९-२०, तुलनेसाठी फिलिप्पै ४:११-१३, नजरेसाठी ईयोब ३१:१, खोट्यासाठी इफिस ४:२५. आठवड्याला एकच, रोज पाच वेळा मोठ्याने. नुसतं मनात म्हटलेलं मोहाच्या वेळी अर्धवटच आठवतं.

अश्लील मजकुराची सवय असेल तर फोनवर गाळणी (असा मजकूर अडवणारा फिल्टर) बसवा आणि तिचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्या.

उघडी_खिडकी

समईताई, पासवर्डपुरतं थोडं वेगळं मत आहे. ज्याच्या हाती पासवर्ड, तो महिन्याभरात पोलीस होतो आणि हा चोर. मग सगळी बुद्धी गाळणीतून वाट काढण्यात जाते. गाळणी ठेवा, पण त्या माणसाशी दर आठवड्याला प्रत्यक्ष बोलणं ठरलेलं असेल तरच.

त्या बोलण्यासाठी दोन किंवा तीन जण, पुरुष पुरुषांत, स्त्रिया स्त्रियांत, वार आणि वेळ पक्की, चाळीस मिनिटं. प्रश्न ठरलेले हवेत, नाहीतर "सगळं बरं आहे, प्रार्थना करा" यावर निभावतं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी घातलेले नियम आजही वापरण्यासारखे आहेत. मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं? कोणते मोह आले? त्यातून सुटका कशी झाली? पाप आहे की नाही अशी शंका येईल असं काही विचारात, बोलण्यात, वागण्यात आलं का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण जगाची रीत त्या शंकेच्या जागेतूनच आत शिरते.

हे गट मोडतात ते गुप्ततेवरून. "अमक्यासाठी प्रार्थना करा, तो अमुक गोष्टीत अडकलाय" असं तिसऱ्याला सांगणं ही कुचाळकीच आहे, प्रार्थनेचं नाव दिलं तरी. पहिल्याच दिवशी बोलून ठेवा: इथलं बाहेर जाणार नाही. अपवाद फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तेव्हा. तिथे गप्प राहणं चालणार नाही, हेही त्याच दिवशी सांगा.

रोजची तपासणी एकट्याने, रात्री दहा-पंधरा मिनिटं. लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा पाच पायऱ्यांचा क्रम कॅथलिकांना परिचित आहे, बाकीच्यांनीही घ्यावा: उपकार आठवून आभार, आपलं पाप दिसावं म्हणून कृपेची मागणी, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमायाचना, उद्यासाठी निश्चय. आभार पहिले आहेत, ते गाळू नका. थेट उजळणीपासून सुरू केलं की दोन आठवड्यांत ती स्वतःला झोडपण्याची सवय होते.

आणि पडल्यावर काय, हे शिकवल्याशिवाय अभ्यास संपवू नका. पडण्यापेक्षा नंतरच्या लपवण्यात माणूस जास्त दूर जातो: लाज वाटते, उपासना चुकवली जाते, मग गट. म्हणून त्याच दिवशी देवापुढे पापाचं नाव घेऊन कबुली (१ योहान १:९) आणि चोवीस तासांच्या आत गटातल्या एकाला सांगणं. कॅथलिकांनी पापनिवेदन (धर्मगुरूपुढची कबुली) पुढच्या सणावर ढकलू नये. कुणाचं नुकसान झालं असेल तर भरपाई. नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा होता (लेवीय ६:५), जक्कय या जकातदाराने तर आपणहून चौपट कबूल केलं. आज निदान मूळ रक्कम आणि तोंडी माफी. भरपाई टाळली की कबुली घशातच अडकून राहते.

मोहरीचा_दाणा

मनापासून आभार. मित्रांच्या बैठकीचं राहिलं. आणि ज्या गोष्टींबद्दल थेट आज्ञा नाही, म्हणजे मालिका, खेळ, गाणी, त्यांचं काय?

जुनी_वेल

बैठकीला जायचं. प्रभू जकातदारांबरोबर जेवत होता. पण जाताना तीन गोष्टी ठरवून जायच्या: काय पिणार, किती वाजता उठणार, आणि कुणाची निंदा सुरू झाली तर काय बोलणार. पहिल्यासाठी पोचल्याबरोबर हातात स्वतःचा पाण्याचा किंवा सरबताचा पेला घ्यावा, रिकामा हात दिसला की आग्रह होतोच. उठायची वेळ आल्याआल्याच सांगून टाकावी, म्हणजे निघताना रुसवा होत नाही. निंदेसाठी "हे त्यालाच विचारायला हवं" एवढं म्हणून विषय बदलावा. घाणेरड्या विनोदावर हसू नये, प्रवचनही देऊ नये. न हसणं लोकांच्या लक्षात येतं, आणि कुणीतरी नंतर एकटं गाठून कारण विचारतं. ते संभाषण सावकाश, मन लावून करा.

दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलात तर पौलाचा नियम सोपा आहे: पुढे येईल ते चौकशी न करता खा. हे अर्पण केलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१ करिंथ १०:२७-२९). प्रत्यक्ष पूजेत सहभाग ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिला त्याच अध्यायाचं एकविसावं वचन मनाई करतं. हे दोन्ही एकत्र केल्यामुळे कुणी शेजाऱ्याचं ताट नाकारतं, तर कुणी सगळ्याच गोष्टीत सामील होतं.

थेट आज्ञा नसलेल्या गोष्टींसाठी पौलाच्याच कसोट्या: हितकारक आहे का, माझ्यावर तिची सत्ता चालते का (१ करिंथ ६:१२), उन्नती होते का (१०:२३). सत्तेचा प्रश्न विचार करून सुटत नाही, करून बघावा लागतो. ती गोष्ट तीस दिवस पूर्ण बंद ठेवायची. पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, लपून पाहावंसं वाटलं, तर सत्ता कुणाची ते कळतं. सहज सुटली तर महिन्यानंतर मोकळ्या मनाने घ्या. आणि एकाला जे सोडावं लागलं ते गटातल्या सगळ्यांवर लादू नका. रोमकरांस १४ यासाठीच लिहिलाय, चौथ्या आठवड्याला तोच घ्या. त्या दिवशी दुसऱ्या आठवड्याचे कागद परत वाटा आणि प्रत्येकाला उजव्या रकान्यातली एक ओळ बदलू द्या. बहुतेकांची पहिली ओळ झेपणारी नसते, ती लहान करून पुढच्या महिन्यासाठी लिहून घ्या.