बोलक्या घड्याळाचा स्पीकर: आवाज दबका, मोठा केला की बोर्ड रीस्टार्ट

घड्याळवाला
मंडळी, आजीला आता काटे दिसत नाहीत. तिच्यासाठी एक बटणाचा डबा करतोय: बटण दाबलं की "सव्वासात वाजले" असं बोललं पाहिजे. डोकं म्हणून आर्डुइनो युनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप, आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी, म्हणजे मेमरी कार्डावरच्या क्लिपा वाजवणारं मॉड्यूल. क्लिपा माझ्याच आवाजात. स्पीकर मोडक्या खेळण्यातून काढलाय, ४० मिमीचा, मागे "८ ओहम ०.५ वॅट" छापलंय.

आधी नुसतं बघायला म्हणून स्पीकरची एक वायर थेट ९ नंबरच्या पिनला आणि दुसरी ग्राउंडला लावून टोन वाजवला. डास गुणगुणल्यासारखा आवाज. मग डीएफप्लेअर जोडला. व्हॉल्यूम १५ ला पत्र्याच्या नळीतून कोणी बोलतंय असं वाटतं, आणि ३० केला की "साडे" एवढं म्हणून युनो रीस्टार्ट. "तीन" काही येत नाही. सगळं लॅपटॉपच्या यूएसबीवर आहे, डीएफप्लेअरला वीज युनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून.

पॅम८४०३ हा वेगळा अँप (आवाज मोठा करणारी चिप) लावू का? ४ ओहम ३ वॅटचा स्पीकर आणला तर भागेल का? आणि स्पीकरची काळी वायर ग्राउंडलाच जाते ना?

खटपट्या
पॅम लावा आणि ४ ओहमचा मोठा स्पीकर घ्या, विषय संपला. खेळण्यातल्या स्पीकरकडून काय अपेक्षा ठेवायची!

ओहमशांती
खटपट्या, जरा दमानं. त्यांचा बोर्ड आत्ताच मान टाकतोय, त्यात ४ ओहम लावले तर त्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढला जाईल. रीस्टार्ट "साडे"ला होतोय तो "सा"ला होईल.

घड्याळवाले, आधी पिनचं. ५ व्होल्ट भागिले ८ ओहम म्हणजे ६२५ मिलीअँपिअर. युनोच्या एका पिनची कमाल मर्यादा ४०, आणि सुखात ठेवायचा तर २०. एवढा करंट पिनला झेपत नाही, व्होल्टेज खाली बसतं, म्हणून तो डास. पिन शाबूत राहिला हे नशीब. पुन्हा कधी नुसता टोन ऐकायचा असेल तर मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर टाका. आवाज आणखी बारीक येईल, पण पिन वाचेल.

आता काळी वायर. नाही, ग्राउंडला नाही! डीएफप्लेअरवर एसपीके१ आणि एसपीके२ असे दोन पाय आहेत, स्पीकर फक्त त्या दोघांमध्ये. आतला अँप दोन्ही वायरी उलटसुलट ढकलतो, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, त्यामुळे ग्राउंड त्यातली कुठलीच नाही. पॅम८४०३ चंही तसंच. मी एकदा पॅमवर दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र पिळून ग्राउंडला नेल्या होत्या, कारण काय, तर टेबलावर वायरींचा गुंता कमी दिसावा. चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला, मग बारीक "टिक्" झालं, आणि डावा चॅनेल कायमचा मुका. (एकच स्पीकर असेल तर लाल-काळं उलटं लागलं तरी फरक पडत नाही. दोन असतील तर मात्र दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून दोन्ही पडदे एकाच दिशेला उडी मारतात का ते बघून घ्या.)

रीस्टार्ट म्हणजे विजेचा प्रश्न. यूएसबीवाटे युनोकडे येणाऱ्या वाटेवर ५०० मिलीअँपिअरचा फ्यूज आहे, आणि "साडे"चा "सा" जोरात फुटतो तेव्हा अँप एकदम घोट घेतो. डीएफप्लेअरला मोबाइलच्या चार्जरवरून वेगळे ५ व्होल्ट द्या, ग्राउंड मात्र युनोच्या ग्राउंडला जोडलेलं हवं. मॉड्यूलच्या अगदी पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याचं प्लस-मायनस दोनदा बघा, उलटा लागला तर फुटतो. व्हॉल्यूम १८ च्या वर नेऊ नका. डीएफप्लेअरचा अँप ३ वॅटपर्यंत जातो आणि तुमचा स्पीकर अर्ध्या वॅटचा आहे.

हे सगळं केलंत तरी आवाज पत्र्याचाच येईल, कारण तुमचा स्पीकर उघडा पडलाय ना टेबलावर? पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. दोन्ही लाटा कडेवरून वळून एकमेकींना मारतात, आणि खर्ज आधी मरतो. आत्ता उठा आणि एवढं करा: जाड पुठ्ठ्याला पडद्यापेक्षा किंचित लहान, साधारण ३६ मिमीचं भोक पाडा, स्पीकर मागून त्यावर दाबून धरा आणि तीच क्लिप लावा. मग हात ढिला सोडा, परत दाबा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चुकून व्हॉल्यूम वाढला की काय म्हणून कोड तपासत बसलो होतो. पुठ्ठ्याऐवजी बंद डबी असेल तर आणखी चांगलं. कडेला फोमची पट्टी, आणि वायर बाहेर येते ते भोक हॉट ग्लूने बुजवा. माणसाचं बोलणं समजायला टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात. तेवढं खेळण्यातला स्पीकर डबीत बसून नक्की देतो. मोठा अँप घेऊन उघडा स्पीकर बोंबलवणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत नळ मोठा सोडणं.

सोल्डरताई
वरच्यात दोन गोष्टींची भर. युनोकडून डीएफप्लेअरच्या आरएक्सला (हुकूम घेणाऱ्या पायाला) जाणाऱ्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, युनो ५ व्होल्टवर बोलतो आणि त्याची बाजू ३.३ व्होल्टची आहे. क्लिपांच्या मधली खरखरही कमी होते. दुसरं, नुसता नंबर देऊन फाइल वाजवलीत तर कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली तो क्रम धरला जातो, नाव नाही. मी ड्रॅग करून एकदम सगळ्या टाकल्या होत्या, तर सकाळी सातला घड्याळ म्हणालं "अडीच".

तुम्ही "साडे" आणि "तीन" वेगळे रेकॉर्ड केलेत का? तसं असेल तर मध्ये फट ऐकू येईल, एक फाइल संपून दुसरी सुरू व्हायला वेळ लागतो. आपल्याकडे सव्वा, दीड, अडीच, पाऊण यांची व्याकरणं सांभाळण्यापेक्षा दर पाव तासाची अख्खी क्लिप करा. १२ गुणिले ४, फक्त ४८ होतात. "एक वाजला" आणि "दोन वाजले" हेही आपोआप सुटतं.

घड्याळवाला
पुठ्ठ्याचं करून बघितलं. बायको आतून विचारत आली, कोण आलंय म्हणून. आता वेगळा चार्जर आणि कपॅसिटर लावलाय, व्हॉल्यूम १७, एकदाही रीस्टार्ट नाही. "साडे-तीन" वेगळेच होते, काल रात्री बसून ४८ अख्ख्या क्लिपा केल्या.

पण डबीत बसवल्यापासून नवीनच भानगड. "पावणेपाच"मधल्या "पा"ला आत भुंगा असल्यासारखं झर्र होतं. "सहा", "सात" स्वच्छ. स्पीकर फाटला का?

ओहमशांती
फाटला असता तर सगळीकडे फरफरला असता. क्लिप चालू ठेवून डबीवर बोट दाबत फिरवा. थांबलं तर झाकण ढिलं आहे. नाही थांबलं तर उघडा. पडद्याकडे जाणाऱ्या दोन केसासारख्या वेणीच्या तारा दिसतील, आणि तुमची जोडवायर त्यांना किंवा पडद्याला घासत असणार. ती बाजूला वळवून ग्लूच्या एका थेंबाने चिकटवा. थेंब पडद्यावर नको.

घड्याळवाला
वायरच होती, पडद्याला जेमतेम टेकलेली. वळवली, भुंगा गेला.

घड्याळ आजीच्या उशाशी आहे. काल तिने पंधरा मिनिटांत नऊ वेळा बटण दाबलं आणि नऊही वेळा "पावणेपाच वाजले" ऐकून घेतलं. तक्रार एकच: माझा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो, त्यात पणतीने बोललेलं पाहिजे. आज संध्याकाळी ४८ क्लिपा पुन्हा. पोरगी सहा वर्षांची आहे, "पावणे" म्हणजे काय हे आधी तिला समजवायचंय.

सोल्डरताई
कॉपी एकेक करून करा!